वजन ठेवायचं की उजेड?

प्रश्न : मुलाचा साखरपुडा ठरला आहे. होणाऱ्या सुनेसाठी हिऱ्याची अंगठी घ्यावी असं घरात सगळ्यांच्या मनात आहे. पुण्यात दोन-तीन दुकानं हिंडलो आणि दोन अंगठ्यांवर येऊन थांबलो. दोन्हींत गोल हिरा, दोन्ही ५० सेंटचे, रंगाचं आणि शुद्धतेचं अक्षरही दोन्ही कागदांवर एकच. तरी किमतीत चांगलाच फरक. दुकानदार म्हणाले, "काका, कटचा फरक आहे, बाकी काही नाही." दोन्ही प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स त्यांनी दिल्या. त्यांवर हिऱ्याची आडवी आकृती आणि भोवती टक्के, अंश, मिलिमीटर. मी तळेगावच्या बाजूला एका कारखान्यात टर्नर म्हणून तीस वर्षं काढली. मापं मला वाचता येतात. ही मापं कशासाठी घेतली आहेत ते मात्र कळत नाही. आणखी एक. आईच्या कुड्यांमधले जुने हिरे अगदी मिणमिणते दिसतात. एकाने सुचवलं, नव्याने पैलू पाडून घ्या, चमकतील. पाडून घ्यावेत का?
— एक वाचक, परंदवडी, ता. मावळ

उत्तर : तुमच्या पत्रात 'टर्नर' हा शब्द वाचला आणि माझं अर्धं काम सोपं झालं. हिऱ्याच्या कारखान्यातही सुरुवातीचं एक काम टर्निंगचंच असतं. कच्चा हिरा फिरत्या चकात धरतात आणि दुसऱ्या हिऱ्यानं त्याची कड गोल करतात, कारण हिऱ्याला खाणारं हत्यार हिराच. (आता या कामाला लेझरही आला आहे.) मग तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी फिरत्या लोखंडी तबकडीवर लावून एकेक पैलू घासतात. मुंबई-सुरतेकडे त्या मांडणीला 'घंटी' म्हणतात. तुमच्या हातातला कागद म्हणजे या जॉबचं ड्रॉइंग आहे, असं समजून वाचायला बसा.

आकृती समजण्यासाठी भोवरा आठवा. वरचा फुगीर भाग, मधली सगळ्यांत रुंद कड, खाली निमुळता होत आरेपर्यंत गेलेला उतार. हिऱ्यात वरच्या भागाला क्राऊन म्हणतात, मधल्या कडेला गर्डल म्हणजे कंबर, खालच्या निमुळत्या भागाला पॅव्हिलियन. अगदी खालचं टोक, जिथे भोवऱ्याला आर असते, ते क्युलेट. वरून भोवऱ्याचा माथा कापून सपाट केला तर जो गोल दिसेल तो टेबल. कारखान्यातले कारागीर क्राऊनला 'मथाळा' आणि पॅव्हिलियनला 'तळिया' म्हणतात; मला ही नावं जास्त आवडतात, कारण ती काम करणाऱ्या हातांनी दिलेली आहेत. गोल हिऱ्यात टेबल धरून माथ्यावर ३३ पैलू आणि तळाला २४, एकूण ५७. खालचं टोक किंचित सपाट ठेवलं असेल तर ५८.

आता तुमचा पहिला कागद. त्यावर ५.०९–५.१२ × ३.१५ मिमी असं लिहिलं आहे. पहिले दोन आकडे म्हणजे सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त व्यास. फरक ३ शतांश मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन. तुमच्या भाषेत ही ओव्हॅलिटी, आणि हाताच्या अंदाजानं धरलेल्या एवढ्याशा दगडासाठी ती उत्तम आहे. तिसरा आकडा उंची. पुढचे सगळे टक्के सरासरी व्यासाला १०० धरून काढलेले असतात. उंची ३.१५, सरासरी व्यास ५.१०५, म्हणून खोली ६१.७ टक्के. टेबल ५७ टक्के, म्हणजे माथ्यावरचा सपाट भाग व्यासाच्या निम्म्याहून थोडा जास्त. क्राऊनचा कोन ३४.५ अंश, पॅव्हिलियनचा ४०.८ अंश. क्राऊनची उंची १५ टक्के, पॅव्हिलियनची खोली ४३, कंबर साडेतीन.

तुम्ही बेरीज करून पाहिली असणारच: १५ अधिक ४३ अधिक ३.५ म्हणजे ६१.५, आणि कागदावर तर ६१.७. ही चूक नव्हे. मोजणाऱ्या यंत्रात हिरा हळूहळू फिरतो, प्रकाशात त्याची कड टिपली जाते आणि आठही बाजूंचे कोन वेगवेगळे मिळतात. त्यांची सरासरी काढून ती ठरलेल्या पायरीवर आणतात. जीआयए ही अमेरिकी संस्था (तिची प्रयोगशाळा मुंबईतही आहे) क्राऊनचा कोन अर्ध्या अंशाच्या पायरीनं देते, पॅव्हिलियनचा ०.२ अंशाच्या, क्राऊनची उंची आणि पॅव्हिलियनची खोली अर्ध्या टक्क्याच्या, टेबल पुऱ्या टक्क्यात. म्हणून ४०.८ आणि ४१.० अशा दोन हिऱ्यांत डोळ्याला दिसेल असा फरक असेलच असं नाही. दुकानात ०.२ अंशावरून कोणी फार जोर लावू लागलं तर ही पायरी लक्षात ठेवा.

पण हे कोन मुळात एवढे महत्त्वाचे का? मावळातलं कौलारू छप्पर डोळ्यांसमोर आणा. कोसळणारं पाणी कुठे जाईल ते छपराचा उतार ठरवतो. उतार कमी पडला की पाणी थांबतं आणि घरात गळतं. हिऱ्यात पाण्याच्या जागी उजेड आहे, आणि गळती तळातून होते.

प्रकाश हिऱ्यात शिरला की हवेतल्यापेक्षा फार सावकाश चालतो. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२ आहे. याचा एक विलक्षण परिणाम होतो. आतून एखाद्या पैलूवर किरण २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरपा आदळला (कोन पैलूच्या लंबापासून मोजायचा) तर तो बाहेर पडूच शकत नाही, आरशावरून परतावा तसा परततो. काचेत ही मर्यादा ४१-४२ अंशांच्या आसपास असते. म्हणजे हिऱ्याला किरण अडवून धरणं काचेपेक्षा कितीतरी सोपं. काचेच्या खड्याला हेच कोन दिले तरी तो मंद का दिसतो, त्याचं कारण इथे आहे.

तळाचा कोन ४१ अंश धरा. टेबलातून सरळ खाली आलेला किरण पॅव्हिलियनवर ४१ अंशांनी आदळेल, परतेल, समोरच्या बाजूवर ५७ अंशांनी आदळेल, पुन्हा परतेल आणि माथ्यातून बाहेर येईल. दोनदा अडवला, दोनदा परतवला. जाताना माथ्यावरच्या तिरप्या पैलूंतून तो रंगांत फुटतो. अंगठी हलवली की लाल-निळ्या ठिणग्या दिसतात त्या याच. तळ उथळ असला तर तिरपे आलेले किरण खालून गळतात आणि टेबलाच्या आत करड्या वलयाचं चित्र दिसतं. त्याला व्यापारात माशाचा डोळा म्हणतात. तळ फार खोल असला तर उजेड भलत्या दिशेनं वळतो आणि मधोमध काळसर ठिपका उमटतो, जणू खिळ्याचं डोकं.

हा हिशेब गणिताने नीट मांडला तो मार्सेल टोल्कोव्स्की या तरुणानं. अँटवर्पच्या हिरे घासणाऱ्या घराण्यातला हा मुलगा लंडनमध्ये इंजिनिअरिंग शिकत होता. १९१९ मध्ये त्याचं 'डायमंड डिझाइन' हे छोटं पुस्तक निघालं. टेबल ५३ टक्के, क्राऊन ३४.५ अंश, पॅव्हिलियन ४०.७५ अंश, असं उत्तर त्यानं काढलं. चांगले कारागीर नजरेनं त्या आसपास आधीच पोचले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं; गणितानं त्यांच्या नजरेला सही दिली. आज एकच एक कोन पवित्र मानत नाहीत. जीआयएनं २००६ पासून गोल हिऱ्याच्या कटला श्रेणी द्यायला सुरुवात केली. वरच्या 'एक्सलंट' श्रेणीत टेबल साधारण ५२ ते ६२ टक्के, क्राऊन ३१.५ ते ३६.५ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१.८ अंश एवढी मुभा आहे. मुभा आहे म्हणून त्यातली कुठलीही जोडी चालते असं मात्र नाही. वरचा उतार तीव्र असेल तर खालचा जरा सौम्य हवा, वरचा सौम्य असेल तर खालचा जरा तीव्र. दोन्ही तीव्र झाले की हिरा जड होतो आणि मध्ये अंधारतो.

आता दुसरा कागद काढा. ४.९०–४.९३ × ३.२८ मिमी. खोली ६६.७ टक्के. क्राऊन ३६ अंश, पॅव्हिलियन ४२.४ अंश, कंबर सुमारे ६ टक्के आणि शेरा 'जाड ते फार जाड'. दोन्ही उतार तीव्र, वर कंबरही जाड. वजन तेवढंच, ५० सेंट, पण ते कुठे गेलं आहे पाहा. वरून दिसणारं तोंड पहिल्या हिऱ्याचं सुमारे ८ टक्क्यांनी मोठं आहे. गोल हिऱ्याचं वजन काढायचं एक कामचलाऊ सूत्र आहे: सरासरी व्यासाचा वर्ग गुणिले उंची गुणिले ०.००६१, सगळं मिलिमीटरमध्ये, उत्तर कॅरेटमध्ये. (जाड कंबरेसाठी वर थोडं वाढवावं लागतं.) पहिल्या हिऱ्याला ते लावलं तर बरोबर ०.५० येतं. आता उलटं करा. पहिल्यासारख्या नीट कटचा ४५ सेंटचा हिरा घेतला तर त्याचा व्यास सुमारे ४.९३ मिमी भरतो, म्हणजे तुमच्या दुसऱ्या ५० सेंटच्या हिऱ्याएवढाच. त्या हिऱ्यातले जवळजवळ ५ सेंट कंबरेत आणि तळात दडले आहेत. त्यांचे पैसे तुम्ही द्याल आणि सूनबाईंना ते कधीच दिसणार नाहीत.

कारागिराला हे कळत नाही का? पुरतं कळतं. पण त्याच्यापुढची अडचणही समजून घ्या. पुष्कळसे चांगले कच्चे हिरे अष्टफलकाच्या घडणीचे असतात, दोन पिरॅमिड तळाला तळ जोडून ठेवल्यासारखे. त्या नैसर्गिक बाजूंचा उतार ५४.७ अंशांचा असतो. तो घासत घासत ४१ अंशांवर आणायचा, म्हणजे मधलं सगळं भुकटी होऊन जाणार. चांगल्या कामात कच्च्या दगडाचा निम्मा किंवा त्याहून जास्त भाग असाच जातो. तेव्हा थोडा कमी घासावा, थोडा तीव्र ठेवावा, हा मोह प्रत्येक दगडाला चिकटलेला असतो. त्यात भाव कॅरेटचा, आणि तो ५० सेंट, १ कॅरेट अशा टप्प्यांवर एकदम चढतो. ४७ सेंटवर सुंदर उतरला असता असा दगड कंबर जाड ठेवून ५० वर नेला की कागदावर त्याची किंमत वाढते. म्हणून प्रमाणपत्रावरचे आकडे मी एका प्रश्नाचं उत्तर म्हणून वाचतो: घासणाऱ्यानं तराजूचं ऐकलं की डोळ्याचं?

या प्रश्नानं आपल्या महाराष्ट्रातला सगळ्यांत नामांकित हिरा दोनदा बदलून टाकला. त्याची गोष्ट तुमच्या कुड्यांपर्यंत येते, म्हणून सांगतो. नाशिकचा हिरा म्हणून जग ज्याला ओळखतं तो त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानचा. दगड गोवळकोंड्याकडच्या खाणींचा, घडण हिंदुस्थानी कारागिराची. वजन सुमारे ९० कॅरेट. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, हिरा इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला राजघराण्याचे जवाहिरे रंडेल अँड ब्रिज यांच्याकडे विकला गेला. लंडनच्या बाजारानं त्याला नाक मुरडलं: घाट ओबडधोबड, म्हणावी तशी चमक नाही. रंडेल यांनी तो पुन्हा पैलू पाडायला दिला, पण मूळ कारागिराच्या रेषा होता होईतो राखायच्या असं ठरवून. हिरा ८० कॅरेटच्या आसपास उतरला, आणि पुढे वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसच्या तलवारीच्या मुठीत जडवला गेला. १९४० मध्ये न्यूयॉर्कचे हॅरी विन्स्टन यांनी तो घेतला आणि चौकोनी पायऱ्यापायऱ्यांच्या एमराल्ड कटमध्ये नव्यानं घासला. आज त्याचं वजन ४३.३८ कॅरेट आहे. त्र्यंबकेश्वराहून गेला त्याच्या निम्म्याहून कमी.

कोहिनूरचंही असंच. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला म्हणून १८५२ मध्ये डच कारागिरांकडून पुन्हा घासला. १८६ कॅरेटचा होता तो १०५.६ वर आला. नाशिकच्या हिऱ्याबद्दल मला जास्त हळहळ वाटते. रंडेलच्या माणसांनी निदान जुन्या हाताचा मान राखला होता. विन्स्टन यांच्या घासणीनंतर मात्र त्या हिंदुस्थानी कारागिराची एकही रेषा दगडावर उरली नाही. हिरा आता निर्दोष आहे, लखलखीत आहे, आणि देवळात जे झळकत होतं त्यातलं त्याच्यात फार थोडं आहे.

आपल्या जुन्या कारागिरांना चमक कळत नव्हती असं मात्र कोणी म्हणू नये. त्यांनी दगड वाया जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, आणि उजेडाची सोय दुसरीकडून केली होती. पातळ, पसरट हिऱ्याला तळाचा उतारच नसतो. उजेड सरळ आरपार जातो. म्हणून सोनार त्याच्याखाली चकचकीत धातूचा पातळ पत्रा बसवत, त्याला डाक म्हणतात, आणि मागून घर बंद करत. जे काम टोल्कोव्स्कीचे ४०.७५ अंश दगडाच्या आतून करतात तेच काम डाक दगडाच्या खालून करतो. समईच्या उजेडात डाक लावलेला हिरा जो मऊ प्रकाश देतो, तो आजच्या गोल हिऱ्याला देता येत नाही.

म्हणून तुमच्या आईंच्या कुड्यांना पैलू पाडायला देऊ नका. असं समजा की त्यातला एक खडा ३ मिमी रुंद आणि १ मिमी जाड आहे. त्यातून नीट प्रमाणाचा गोल हिरा काढायचा तर खोली ६१ टक्के हवी. १ मिमी जाडीत व्यास जेमतेम १.६ मिमी मिळेल. दहा सेंटच्या आसपासचा खडा दीड सेंटवर येईल. आधी कुडी उलटी करून पाहा. मागचं घर बंद असेल तर आत डाक आहे, आणि हिरे मिणमिणते दिसण्याचं कारण बहुधा तोच काळा पडला असणार. घाम, साबणाचं पाणी, तेल कडेनं आत शिरलं की डाक मरतो. जडावाचं काम करणारा कारागीर घर उघडून नवा डाक बसवून देतो. दगडाला हात लावावा लागत नाही. तोवर त्या धुऊ नका, आणि दुकानातल्या कंपनांच्या यंत्रात तर मुळीच घालू देऊ नका. कोरड्या मऊ कापडानं पुसा, तेवढं पुरे.

अंगठीकडे परत येतो. पहिली घ्या. किंमत आवाक्याबाहेर वाटली तर दुसरीकडे वळण्यापेक्षा पहिल्यासारख्याच प्रमाणांचा ४५ ते ४७ सेंटचा हिरा मागा. बोटावर तो दुसऱ्याइतकाच किंवा त्याहून रुंद दिसेल आणि उजेड जास्त देईल. कट म्हणजे आकार असं समजून 'कट कुठला?' विचारल्यावर 'राऊंड' असं उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. आकार आणि कट या दोन गोष्टी आहेत. हे सगळे कोन गोल हिऱ्यापुरते आहेत, पेअर किंवा चौकोनी आकारांना ते लावायचे नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घ्यायचा झाला तरी मापं हीच, कारण दगड तोच आहे, जन्म तेवढा वेगळा.

दुकानात बारीक प्रखर दिवे असतात आणि त्यांच्याखाली वाईट कटचा हिराही नाचतो. विनंती करून दोन्ही अंगठ्या दारापाशी किंवा खिडकीजवळच्या सावलीत न्या. हातभर अंतरावर धरा, हळूहळू कलवा. पहिल्यात उजळ आणि काळ्या पाकळ्या जागा बदलताना दिसतील. दुसऱ्यात मधला डाग अंगठी कितीही फिरवली तरी हलणार नाही. व्हर्नियर खिशात असेलच, पण तो घडणीत बसवलेल्या हिऱ्याला लावू नका. कोंदणाच्या नख्या माप चुकवतात. कंबरेवर लेझरनं कोरलेला प्रमाणपत्राचा क्रमांक मात्र भिंगातून वाचून कागदाशी ताडून घ्या. आणि सूनबाईंना बरोबर न्या, कारण दोन्ही अंगठ्या त्यांच्याच बोटावर, त्यांच्याच डोळ्यांनी पाहायला हव्यात.